पिशव्या कोण सांभाळणार? एक नंबरची राइड कशाला म्हणायचं

(या भागाचं लेखी रूप. बोलतानाची वाक्यं बहुतेक तशीच ठेवली आहेत.)

आजचा भाग एका ईमेलमुळे करतोय. नाशिकच्या एका काकूंनी लिहिलंय. वय 64. मे महिन्यात मुलाकडे कॅलिफोर्नियाला निघाल्यात. नातू सात वर्षांचा, आणि एक दिवस डिस्नीलँडचा ठरलाय. काकू लिहितात, "कुठल्याही पार्कात गेलो की मी खाली सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभी. बाकीचे हसत, ओरडत उतरतात आणि मी विचारते, कसं होतं रे? या वेळी मला नातवाच्या शेजारी बसायचंय. एकच राइड सांगा, पण एक नंबरची सांगा."

आता एक नंबरची म्हणजे कुठली? आपलं उत्तर तयार असतं. सगळ्यांत उंच, सगळ्यांत वेगवान. तर आधी आकडेच बघू. अबू धाबीची फॉर्म्युला रोसा 2010 साली सुरू झाली. साधारण पाच सेकंदांत ताशी 240 किलोमीटर! बसणाऱ्याला डोळ्यांवर गॉगल चढवावा लागतो. अमेरिकेत न्यू जर्सीत किंगडा का नावाचा कोस्टर होता, 2005 सालचा, 139 मीटर उंच. म्हणजे पंचेचाळीसेक मजली इमारत समजा. 2025 च्या फेब्रुवारीत तो पाडून टाकला. आणि डिस्नीलँडमध्ये एक भुतांचा वाडा आहे, हाँटेड मॅन्शन. 9 ऑगस्ट 1969 ला उघडला. आतली गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगानं जाते. त्याच्या दारात आजही रांग असते.

म्हणजे वेग आणि उंची सोडून आणखी काहीतरी आहे. ते काय, हे आज बघू.

पोटात गोळा का येतो

पहिली गोष्ट, आपल्या शरीराला वेग कळतच नाही. विमान ताशी आठशे किलोमीटरनं जात असतं आणि आपण आरामात चहा पितो. शरीराला कळतो तो बदल. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलाय आणि ड्रायव्हरनं स्पीडब्रेकर न बघता गाडी घातली, तर काय होतं? क्षणभर आपण सीटवरून सुटतो. सीट आपल्याला खालून रेटायची थांबते, आणि तेच पोटात जाणवतं. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना हेच होतं. कोस्टर बांधणारे हा क्षण मुद्दाम, मोजूनमापून आणतात.

मोजलं नाही तर काय होतं, त्याचाही इतिहास आहे. 1895 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर आला. त्यात उलटं फिरवणारा लूप होता, अगदी बांगडीसारखा गोल. दिसायला झकास. पण सपाट रुळावरून गाडी पूर्ण वेगात आली की एका झटक्यात तिला गोल वळण घ्यावं लागायचं. लोकांच्या माना दुखावल्या जायच्या. तो फार वर्षं टिकला नाही.

याचं उत्तर रुळावर उतरलं 1976 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या रेव्होल्यूशन कोस्टरवर. जर्मन इंजिनिअर वेर्नर श्टेंगल यांनी लूप पाण्याच्या थेंबासारखा केला. खाली, जिथे वेग जास्त, तिथे वळण ऐसपैस. वर, जिथे गाडी मंदावते, तिथे वळण आवळलेलं. त्यामुळे दाब हळूहळू वाढतो, एकदम आदळत नाही. घाटातला चांगला रस्ता बघा, वळणात हळूच घेऊन जातो. तसंच हे.

म्हणजे पहिला नियम असा: घाबरवायचं, पण दुखवायचं नाही. शरीराचा भरवसा एकदा तुटला की पुढची सगळी गंमत गेली.

अंधारातले 45 किलोमीटर

दुसरी गोष्ट, डोळ्यांना काय दाखवायचं. फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डमध्ये स्पेस माउंटन आहे, 1975 पासून. तिचा जास्तीत जास्त वेग ताशी 45 किलोमीटरच्या आसपास. आपली स्कूटर जाते की एवढी! पण उतरलेल्या माणसाला विचारा, तो कितीतरी जास्त सांगेल. कारण राइड अंधारात आहे. पुढचा उतार दिसला तर शरीर तयारी करतं, पोट आवळतं, हात दांडी घट्ट धरतात. अंधारात ती तयारी करताच येत नाही. रूळ कमी, दिवे कमी, परिणाम दुप्पट. पैसा वेगावर न घालवता माणसाच्या अंदाजावर काम केलंय.

मान कोण वळवतं?

आणि आता भुतांचा वाडा. मला विचाराल तर अख्खी विद्या इथे एका ठिकाणी बघायला मिळते.

आत गेलात की एका आठकोनी खोलीत उभं करतात. दार बंद. भिंती ताणून लांब होऊ लागतात, भिंतींवरची चित्रं लांबतात, आणि चित्रातल्या माणसाच्या पायाखाली काय आहे ते दिसायला लागतं. लोक हरखून वर बघत असतात. खरं तर ती खोली म्हणजे लिफ्ट आहे आणि सगळे खाली चाललेत! का? राइडची मोठी इमारत पार्काभोवतीच्या रेल्वेच्या पलीकडे आहे. माणसांना रुळांखालून न्यायचं, तर आधी खाली उतरवायला हवं. ही अडचण होती, तिचाच खेळ करून टाकला. एरवी नुसतं ताटकळणं झालं असतं, इथे तीच राइडची सुरुवात झाली.

मग तुम्ही काळ्या, पाठीमागून शिंपल्यासारख्या बंद असलेल्या गाडीत बसता. या गाड्यांची सलग साखळी असते, थांबत नाही. आणि प्रत्येक गाडी जागच्या जागी वळते. म्हणजे तुम्ही कुठे बघायचं, हे राइड ठरवते. सिनेमात कॅमेरा जे करतो, ते इथे खुर्ची करते. शेजारचे दिवे, यंत्रं, मागची भिंत, काही दिसत नाही.

निम्म्या राइडभर भूत दिसतच नाही बरं का. दारं आतून फुगतात, कोणीतरी ठोठावतं, आवाज येतात. मग एक मोठा दिवाणखाना लागतो आणि तिथे आरपार दिसणारी भुतं नाचत असतात. ही युक्ती 1862 ची आहे, लंडनच्या रंगभूमीवरची. पेपर्स घोस्ट म्हणतात तिला. रात्रीच्या गाडीत खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा बाहेरच्या अंधारावर तरंगताना दिसतो ना, तेच. समोर प्रचंड काच, आणि नजरेआड ठेवलेल्या, उजेडातल्या आकृत्यांचं तिच्यात पडलेलं प्रतिबिंब.

वाडा घडवणाऱ्यांत क्लॉड कोट्स आणि मार्क डेव्हिस हे दोघे कलाकार होते. कोट्सना गूढ, भीतीदायक वाडा हवा होता, डेव्हिसना गमतीदार. शेवटी दोघांचंही ठेवलं. आधी धाकधूक, मग स्मशानात भुतांची धमाल गाणीबजावणी. योगायोगानं म्हणा, पण क्रम अचूक बसला. आधी भीती साठते, मग ती हसण्यातून मोकळी होते. उलटा क्रम लावून बघा, मजाच जाईल.

काकू, तुमचं उत्तर

तर एक नंबरची राइड म्हणजे जिला माहीत असतं की माणसाला आधी काय वाटावं, नंतर काय, आणि शेवटी त्याला कसं उतरवावं. वेग हे त्यातलं एक हत्यार. तिखटासारखं. तिखट जास्त म्हणून कोणी रस्सा चांगला म्हणत नाही.

काकू, तुम्ही हाँटेड मॅन्शनमध्ये बसा. उंचीची अट नाही, झटके नाहीत, उलटं फिरणं नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाडीत चढायला सरकता पट्टा असतो, गुडघे कुरकुरत असतील तर तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी सांगा, ते मदत करतात. आणि त्या लांबणाऱ्या खोलीत एकदा अंधार होतो, कोणीतरी किंचाळतं. नातवाला तेवढं आधी कानात सांगून ठेवा, मग तोच तुम्हाला धीर देईल.

शेवटी एक आरसा येतो. त्यात तुमची गाडी दिसते, आणि तुमच्याबरोबर बसलेलं एक भूत. तुम्ही, नातू आणि ते.

पिशव्या? त्या गाडीत पायाशी मावतात. आणि उतरल्यावर मुलानं विचारलं, "कसं होतं आई?" तर काय सांगितलंत, ते आम्हालाही नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात.