बांधणीची लेखी शिस्त
संगणकावर मराठी अक्षर उमटते, त्यामागे कुणाचे तरी श्रम असतात. 'लोहित' हा देवनागरी फाँट रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील मंडळींनी सांभाळला. मूळ मजकुरापासून असा फाँट अथवा आज्ञावली बांधून तिचे वाटण्याजोगे गाठोडे करायचे, तर सर्व पायऱ्या क्रमाने सांगणारी फाइल लिहावी लागते. तिला 'स्क्रिप्ट' म्हणतात.

तिचे संकेत साधे आहेत. एक पायरी फसली की काम तिथेच थांबावे, नाही तर अर्धवट माल लोकांच्या हाती जातो. बांधलेला माल आधी वेगळ्या, रिकाम्या जागी ठेवावा. चालू यंत्रणेत मिसळू नये. बांधणी चालू असता बाहेरून काही ओढून आणू नये, कारण उद्या ते तिथे असेलच असे नाही. आवृत्ती व परवाना स्पष्ट नोंदवावा.

कुणी म्हणेल, जाणकार माणूस जवळ असता हे लिहायचे कशाला? आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना याचे उत्तर ठाऊक आहे. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याने मोठ्या कारखान्यांना नोकरीच्या अटी लेखी ठरवणे भाग पाडले, आणि कामगाराला मुकादमाच्या लहरीविरुद्ध बोट ठेवायला कागद मिळाला. स्क्रिप्टचेही तसेच आहे. जाणकार उद्या काम सोडून गेला, तरी जिंतूरच्या एखाद्या मुलीला ती वाचून तेच गाठोडे पुन्हा बांधता आले पाहिजे.