लिंक्सची ढोली आणि सशांचा हिशेब

एखाद्या दुर्मीळ प्राण्याच्या संवर्धनासाठी निधी मागितला जातो, तेव्हा 'असे किती प्राणी उरले आहेत?' हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. नियोजनाच्या दृष्टीने मात्र याहून उपयुक्त असा दुसरा प्रश्न आहे. त्यांपैकी किती माद्या या वर्षी पिल्ले वाढवीत आहेत आणि त्या कोठे वितात? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी क्षेत्रीय संशोधनावर वेळ आणि पैसा खर्च केल्यास काय साधते, हे स्पेन आणि पोर्तुगालमधील आयबेरियन लिंक्सच्या उदाहरणावरून समजून घेता येईल.

लिंक्स हा मार्जार कुळातील प्राणी. आखूड शेपूट, कानांच्या टोकांवर काळ्या केसांचे झुबके, अंगावर ठिपके. आयबेरियन लिंक्सचे वजन साधारणपणे दहा-बारा किलो भरते. याच प्रजातीतील युरेशियन लिंक्स आपल्या लडाखमध्ये आढळतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस आयबेरियन लिंक्सची संख्या सुमारे १,१०० असावी, असा स्पॅनिश संशोधकांचा अंदाज होता. त्यानंतर २००२ च्या सुमारास सविस्तर पाहणी झाली, तेव्हा शंभरही प्राणी उरले नव्हते. जे होते ते दक्षिण स्पेनमधील दोनच ठिकाणी होते. एक सिएरा मोरेनाच्या डोंगरांतील आंदुखारचा परिसर आणि दुसरे किनाऱ्यालगतचे दोन्याना राष्ट्रीय उद्यान.

दोन्याना येथे एक जैविक संशोधन केंद्र १९६४ पासून कार्यरत आहे. तेथील संशोधकांनी माद्यांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बसवून त्यांच्या हालचालींची नोंद ठेवण्यास सुरुवात केली. लिंक्सचा समागमाचा काळ मुख्यतः जानेवारीच्या आसपास असतो. सुमारे दोन महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर बहुतेक पिल्ले मार्चमध्ये जन्मतात. एरवी काही चौरस किलोमीटरांच्या क्षेत्रात फिरणारी मादी या दिवसांत पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी परतू लागली, की ती व्याली असे समजावे. मादी शिकारीला दूर गेल्याचा संकेत मिळाल्यावरच संशोधक त्या जागी जात आणि पिल्ले मोजून, त्यांच्यावर खूण करून शक्य तितक्या लवकर परतत. मादीला अडथळा झाला असता, तर अभ्यासच अभ्यासविषयाच्या मुळावर आला असता. हिशेब तपासताना दुकानच बंद पाडणारा लेखापरीक्षक कोणाला हवा असतो?

या नोंदींतून आढळले, की दोन्यानातील माद्या पिल्लांच्या जन्मासाठी प्रामुख्याने बुचाच्या ओकासारख्या जुन्या, जाड बुंध्याच्या झाडांच्या ढोल्या निवडतात. ढोलीत ऊन-पावसापासून आणि शत्रूपासून संरक्षण मिळते. पिल्ले काही आठवड्यांची झाली, की मादी त्यांना तोंडात धरून दाट झुडपांतील दुसऱ्या, मग तिसऱ्या जागी हलविते. वाढत्या पिल्लांना ढोली अपुरी पडणे, परजीवी कीटकांचा त्रास, शिकारीच्या जवळ राहण्याची गरज अशी यामागची कारणे सांगितली जातात. थोडक्यात, एका मादीला एक ढोली पुरत नाही, तर ढोली आणि तिच्याभोवतीची झाडी दोन्ही लागतात. ढोल्या असलेली जुनी झाडे कमी उरल्यामुळे दोन्यानात कृत्रिम ढोल्या बसविण्यात आल्या आणि माद्यांनी त्या वापरल्याही.

परंतु ढोली ही गरजेची एक बाजू झाली. या प्राण्याच्या आहारात रानसशाचा वाटा सुमारे ऐंशी-नव्वद टक्के असतो. प्रौढ लिंक्सला दिवसाला साधारण एक ससा पुरतो, तर पिल्ले असलेल्या मादीला सुमारे तीन लागतात. विणीच्या हंगामात हेक्टरी चार-साडेचार ससे नसतील, तर त्या क्षेत्रात मादीने यशस्वीपणे पिल्ले वाढविण्याची शक्यता घटते. हे ससे १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिसने आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रक्तस्रावी रोगाने मोठ्या प्रमाणावर मेले. लिंक्सच्या ऱ्हासाची मुळे येथेही होती. म्हणून युरोपीय संघाच्या 'लाइफ' निधीतील रक्कम सशांसाठी अधिवास सुधारण्यावर आणि खासगी शिकारक्षेत्रांच्या मालकांशी करार करण्यावरही खर्च झाली. सशांना पिकांचे शत्रू मानणारा शेतकरी आणि सशांवर जगणारा लिंक्स यांच्यात हितसंबंधांचा मेळ घालणे हे सोपे काम नव्हते आणि आजही नाही.

निसर्गातील संख्या इतकी घटली असताना बंदिस्त प्रजनन हा विम्याचा मार्ग होता. २००५ च्या मार्चमध्ये दोन्यानातील एल आसेबुचे केंद्रात 'सालिएगा' या मादीला तीन पिल्ले झाली. पण सुमारे दीड महिन्यानंतर भावंडांच्या मारामारीत त्यांपैकी एक दगावले. युरेशियन लिंक्सवरील रशियन संशोधनात या वयातील अशा झुंजी आधीच नोंदल्या गेल्या होत्या. पुढे या वयात पिल्लांवर कॅमेऱ्यांद्वारे सतत लक्ष ठेवण्यात येऊ लागले. २००९ च्या अखेरीपासून नव्या क्षेत्रांत लिंक्स सोडण्यास आरंभ झाला. त्यात प्रथम सशांची घनता तपासली जाई.

याचे फलित आकड्यांत दिसते. २०२४ च्या गणनेत दोन्ही देशांत मिळून २,४०१ लिंक्स आढळले, त्यांपैकी पिल्ले वाढविणाऱ्या माद्या ४७० होत्या. त्याच वर्षी जागतिक निसर्ग संवर्धन संघाने या जातीचा दर्जा 'संकटग्रस्त' वरून 'असुरक्षित' असा बदलला. धोका मात्र टळलेला नाही. रस्त्यांवरील वाहने आणि सशांमधील रोगाचा २०११ नंतर पसरलेला नवा प्रकार ही दोन मोठी कारणे आहेत. विशेष म्हणजे, स्पॅनिश नियोजकांनी पुढील उद्दिष्ट ठरविताना ते एकूण प्राण्यांबरोबर किमान ७५० प्रजननक्षम माद्या असेही मांडले आहे.

आपल्याकडे लडाखच्या लिंक्सबाबत विणीच्या जागांची अशी पद्धतशीर नोंद करणे खर्चिक आणि कष्टाचे आहे. उंच पठारे, विरळ वस्ती, दगडांच्या राशींमध्ये लपणारा प्राणी. तरीही या कामासाठी पहिला रुपया कोठे घालावा, हे ठरविण्यास आंदुखार आणि दोन्यानाचा अनुभव उपयोगी पडेल. तेथील अनुभवावरून पाहता, ससे किती आहेत आणि मादी कोठे वितात याची माहिती ही पिंजऱ्यापेक्षा स्वस्त असते.