घर विकले तरी भाडेकरू कायम

भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला मालकाच्या तोंडून "घर विकले" हे दोन शब्द ऐकावे लागले, की त्या घरातील शांतता संपते. खरेदीदार दोन वेळा येऊन भिंती पाहून जातो, महिनाअखेरपर्यंत जागा मोकळी करण्याचा निरोप येतो, आणि मुलांच्या शाळेचे वर्ष अर्धे राहिले असताना बिऱ्हाड हलविण्याची तयारी सुरू होते. मालकी गेली म्हणजे आपला हक्कही गेला, अशी बहुतेकांची समजूत असते. कायद्याचे म्हणणे मात्र निराळे आहे. घराची विक्री होते, भाडेकराराची होत नाही. मालक बदलतो, भाडेकरू ज्या अटींवर राहत होता त्या अटी, तो आणि घर ही जेथल्या तेथे राहतात.

हा प्रश्न कोठेही उद्भवतो. पण वाढत्या शहरांच्या कडेला तो अधिक वेळा उद्भवतो. सुरतेहून उत्तरेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तापी ओलांडली, की उत्राणनंतर कोसाडचे स्थानक लागते. एकेकाळी शेतीचे असलेले हे गाव २००६ साली शहराची हद्द वाढली तेव्हा सुरत महानगरपालिकेत आले. शेताच्या जागी सोसायट्या उठल्या, घरांचे दर चढले आणि घर हे राहण्याइतकेच विकण्याचेही साधन झाले. ज्या तापीच्या काठी सुरत वसली आहे, तीच नदी खानदेशातून येते. आणि सुरत–भुसावळ लोहमार्गाने खानदेशातील माणसेही पिढ्यान् पिढ्या या शहरात माग आणि कापडाच्या गिरण्यांवर कामाला आली. यांपैकी पुष्कळांचे पहिले घर भाड्याचेच असते. घरांची खरेदी-विक्री जेथे जोरात चालते, तेथे मालक बदलण्याचा प्रसंगही वारंवार येतो.

या प्रसंगीचा मूळ नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०९ व्या कलमात आहे. भाड्याने दिलेली मिळकत मालकाने दुसऱ्यास दिली, तर विरुद्ध करार नसल्यास घेणारा जुन्या मालकाच्या जागी येतो. भाडे मागण्याचा हक्क त्याला मिळतो. आणि भाडेकरूची इच्छा असल्यास जुन्या मालकावरच्या जबाबदाऱ्याही त्याच्यावर येतात. यासाठी भाडेकरूची संमती किंवा नवा करार आवश्यक नसतो. समजा, एका कुटुंबाने एक वर्षाच्या मुदतीने घर घेतले, करार रीतसर नोंदविला आणि पाचव्या महिन्यात मालकाने ते घर विकले. करारात विक्रीविषयी वेगळे कलम नसेल, तर उरलेले सात महिने त्या कुटुंबाचेच आहेत. नवा मालक ते कमी करू शकत नाही, किंवा त्या मुदतीत स्वतःच्या मर्जीने भाडेही वाढवू शकत नाही.

"घरात कोणी राहते हे मला ठाऊक नव्हते," हा खरेदीदाराचा बचाव येथे टिकत नाही. मिळकतीत प्रत्यक्ष जो राहत असेल त्याच्या हक्काची माहिती घेणाऱ्यास आहे असेच धरले जाते. ही गोष्ट याच कायद्यात १९२९ च्या दुरुस्तीने स्पष्ट करण्यात आली. दारावर दुसऱ्याचे कुलूप आणि दोरीवर दुसऱ्याचे कपडे दिसत असता चौकशी करणे हे घेणाऱ्याचे काम आहे.

दुसरी अडचण भाड्याची. जुना मालक म्हणतो या महिन्याचे भाडे मला द्या, नवा म्हणतो मला द्या. दोघांच्या ओढाताणीत भाडेकरू थकबाकीदार ठरण्याची भीती असते. त्याच १०९ व्या कलमाने हा गुंता सोडविला आहे. विक्रीपूर्वी थकलेले भाडे मागण्याचा हक्क केवळ खरेदीमुळे नव्या मालकाला मिळत नाही. तसेच विक्री झाली असे मानण्यास कारण नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला प्रामाणिकपणे भाडे दिले असेल, तर तेच भाडे त्याच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मात्र विक्रीची खात्रीलायक माहिती मिळाल्यानंतर जुन्या मालकाला भाडे देत राहणे धोक्याचे आहे. जुन्या मालकाचे सहीचे पत्र किंवा नोंदलेल्या खरेदीखताची नक्कल मागावी, ती पाहून नव्या मालकाला भाडे द्यावे आणि पावती घ्यावी. त्याने भाडे नाकारले, तर मनिऑर्डरने किंवा बँकेमार्फत ते पाठवावे. नाकारलेल्या मनिऑर्डरीची पावतीही न्यायालयात उपयोगी पडते. भाडे बंद करून बसणे हा निषेधाचा मार्ग नाही. त्याने स्वतःचीच बाजू दुबळी होते.

अनामत रकमेचा प्रश्न याहून नाजूक. रक्कम घेतली जुन्या मालकाने आणि जागा गेली नव्याकडे. पुढे जागा सोडताना एक दुसऱ्याकडे बोट दाखवितो. केवळ घर विकले म्हणून जुना मालक आपल्या करारातील जबाबदाऱ्यांतून सुटत नाही, हे कायद्याने सांगितले आहे. तरीही कज्जा टाळावयाचा असेल, तर विक्रीच्या वेळीच तिघांच्या सहीचा एक साधा कागद करून घ्यावा: अनामत किती, ती नव्या मालकाकडे गेली की जुन्याकडेच राहिली, आणि परत कोणी करावयाची. हा कागद मागण्याची योग्य वेळ विक्रीचीच. कारण खरेदीदार घर पाहण्यास येतो तेव्हा भाडेकरूचे सहकार्य दोघांनाही हवे असते.

आता सर्वांत कळीचा प्रश्न: नवा मालक घर खाली करवून घेऊ शकतो का? याचे उत्तर त्या घराला भाडेनियंत्रण लागू आहे की नाही, यावर अवलंबून असते. मुंबई आणि सुरत ही दोन्ही शहरे ३० एप्रिल १९६० पर्यंत एकाच राज्यात होती. त्यामुळे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा हा दोन्हीकडील भाडेकरूंचा समान वारसा आहे. राज्ये विभक्त झाल्यावर गुजरातेत तो पुढे चालू राहिला. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून त्याची जागा १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने घेतली. दोहोंचा गाभा एकच. भाडेकरू योग्य भाडे देत असेल, देण्यास तयार असेल आणि अटी पाळत असेल, तर कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून त्याला काढता येत नाही. मालकाने घर विकले, हे त्या कारणांत नाही.

नवा मालक स्वतःच्या राहण्यासाठी जागेची गरज सांगू शकतो. ती गरज वाजवी आणि प्रामाणिक आहे हे मात्र त्याने न्यायालयात सिद्ध केले पाहिजे; आणि ते झाल्यावरही जागा सोडल्याने भाडेकरूला जास्त त्रास की जागा न मिळाल्याने मालकाला, याचा तोल न्यायालय पाहते. गरजेचे निमित्त करून जागा घ्यावयाची आणि वर्षाच्या आत दुसऱ्यास भाड्याने द्यावयाची, असे घडल्यास मूळ भाडेकरूला पुन्हा आत आणण्याची तरतूदही १९४७ च्या कायद्यात करण्यात आली. दिल्लीच्या १९५८ च्या कायद्याने तर आणखी पुढचे पाऊल टाकले: भाडेकरूसह घर विकत घेणाऱ्याला स्वतःच्या गरजेसाठी पाच वर्षे अर्जच करता येत नाही, असे तेथे ठरले.

जेथे भाडेनियंत्रण लागू नाही, तेथे संरक्षण कराराच्या मुदतीपुरते असते. मुदत संपलेली असेल किंवा लेखी करारच नसेल, तर महिनेवारीच्या राहत्या घराचे भाडे पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने संपविता येते. आणि नवा मालकही अशी नोटीस देऊ शकतो. नोटीस म्हणजे मात्र हकालपट्टी नव्हे. नोटिशीनंतरही भाडेकरू स्वतः निघाला नाही, तर मालकाला दावा लावून हुकूमनामा मिळवावाच लागतो.

याच संदर्भात एक गैरसमज दूर झाला पाहिजे. घर विकताना ते आधी भाडेकरूलाच देऊ करणे मालकावर बंधनकारक आहे, असे अनेकांना वाटते. ही समजूत बहुधा कूळकायद्यावरून आली असावी. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याने शेतजमीन विकताना ती प्रथम कुळाला देऊ करण्याचे बंधन घातले. आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी, कायद्यातील अपवाद वगळून, कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार झाले असे मानले गेले. घराच्या भाडेकरूला ते भाग्य लाभले नाही. कुळाला जमीन मिळाली. भाडेकरूला राहण्याची शाश्वती मिळाली. कितीही वर्षे भाडे भरले तरी केवळ त्यामुळे घराची मालकी येत नाही, आणि विक्री थांबविण्याचा हक्कही येत नाही. घर विकत घेण्याचा पहिला मान हवा असेल, तर तसे करारातच लिहून घ्यावे लागते.

करारावर कोणते नाव आहे याकडेही लक्ष हवे. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. परवान्याने केवळ वापरण्याची मुभा मिळते. परवाना देणाऱ्याने मिळकत दुसऱ्यास दिली, तर घेणारा त्या परवान्याने बांधला जात नाही, असे १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्यात म्हटले आहे. अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्या कुटुंबाची स्थिती विक्रीच्या वेळी म्हणूनच अधिक कच्ची असते. कागदाच्या शीर्षकावर सर्व काही ठरत नाही. दोन्ही पक्षांचा खरा हेतू काय होता हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली सांगितले. परंतु न्यायालयापर्यंत जाण्यापेक्षा सही करण्यापूर्वी कागद वाचणे स्वस्त पडते. मालकाने मुदतीत घर विकल्यास परवाना खरेदीदारावरही बंधनकारक राहील आणि तशी अट खरेदीखतात घातली जाईल, असे कलम त्यात घालून घेता येते.

कोसाडच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. झोपडपट्ट्यांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी सुरत महानगरपालिकेने तेथे मोठी आवास वसाहत उभारली. अशा सरकारी योजनांतील घरे ज्याला मिळतात त्याने स्वतः राहावे, हा त्यांचा हेतू. आणि ती विकण्यावर किंवा भाड्याने देण्यावर वाटपाच्या अटींनी बंधने असतात. ज्याला घर भाड्याने देण्याचाच अधिकार नाही, त्याच्याकडून ते घेणाऱ्याचा हक्क पाण्यावरच्या रेघेसारखा ठरतो. तेथे विक्रीचा वाद तर दूरच, वाटप रद्द झाले तर मूळ धारकाबरोबर भाडेकरूलाही बाहेर पडावे लागते. म्हणून अनामत देण्यापूर्वी वाटपपत्र पाहणे, हे घरातील पाण्याचा नळ पाहण्याइतकेच आवश्यक आहे.

विक्री प्रत्येक वेळी मालकाच्या इच्छेनेच होते असेही नाही. कर्ज थकले, की बँक २००२ च्या सर्फेसी कायद्याखाली तारण घराचा ताबा घेऊन ते लिलावात काढते. मुंबईतील भाडेकरूंच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ आणि २०१६ साली असे ठरविले, की बँकेचा हा अधिकार कायदेशीर भाडेकरूचे संरक्षण पुसून टाकीत नाही. पण २०१९ च्या निकालाने त्याची मर्यादाही दाखविली: आपण खरे भाडेकरू आहोत हे पुराव्याने दाखविता आले पाहिजे. नुसत्या तोंडी सांगण्यावर किंवा नोंद न केलेल्या दीर्घ मुदतीच्या कागदावर तेथे भागत नाही.

अखेरीस बळजबरीविषयी. कुलूप बदलणे, वीज तोडणे, पाणी बंद करणे, सामान जिन्यात आणून टाकणे, हे मार्ग कायद्याने कोणत्याही मालकाला दिलेले नाहीत. कायद्याचा मार्ग सोडून कोणास घराबाहेर काढले, तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या ६ व्या कलमाखाली त्याला ताबा परत मागता येतो. या दाव्यात मालकी कोणाची हे विचारलेच जात नाही. ताबा होता आणि तो बेकायदेशीरपणे गेला, एवढेच पाहिले जाते. मात्र हा दावा सहा महिन्यांच्या आत लावला पाहिजे. वकिलाच्या खर्चाची धास्ती असणाऱ्यांसाठी १९८७ च्या विधिसेवा कायद्याने मोफत साहाय्याची सोय केली आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना ते मिळू शकते. सुरतेच्या मागावर राबणाऱ्या माणसाने हा शेवटचा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधिसेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला, की वाट सुरू होते.

या सर्व संरक्षणाचा पाया एकच, तो म्हणजे कागद. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविल्याशिवाय पक्का होत नाही. महाराष्ट्रात तर कमी मुदतीचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे असून ती जबाबदारी मालकावर आहे. भाड्याची पावती मागणे हा मालकावरील अविश्वास नव्हे, तो भाडेकरूचा हक्क आहे. करार, पावत्या, अनामतीची पोच आणि त्या पत्त्यावरची जुनी पत्रे एका पिशवीत सांभाळून ठेवली, तर "घर विकले" हे शब्द ऐकल्यावर बिऱ्हाड बांधावयास घेण्याची गरज नाही. आधी ती पिशवी उघडावी, आणि मग नव्या मालकाशी बोलावे.