जीव घाबरा होतो तेव्हा



हप्त्याची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. लेकरू वेळेवर घरी आलं नाही की जीव टांगणीला लागतो. अशी काळजी सगळ्यांनाच असते. पण हप्ता भरला, लेकरू घरी आलं, तरी घोर जात नाही. सहा-सहा महिने रोज कसली ना कसली धास्ती, झोप नाही, मान-पाठ आखडलेली, कामात लक्ष नाही, असं असेल तर तो आजार असू शकतो. त्याला चिंताविकार म्हणतात.

काहींना अचानक झटका येतो. छाती धडधडते, दम कोंडतो, हातपाय कापतात, आता मी मरते असं वाटतं. साधारण दहा मिनिटांत तो शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. पण पुन्हा येईल या भीतीनं बाई एसटीत बसत नाही, बाजाराला जात नाही. टाळल्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, भीती मात्र आणखी पक्की होते.

मग कुणी म्हणतं नाटक करते, कुणी म्हणतं बाहेरचं आहे. गंडेदोऱ्यात पैसा जातो, आजार तिथंच राहतो.

छातीत दुखलं, दम लागला तर आधी दवाखाना गाठा. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड वाढलं तरी धडधड होते. ते तपासून घ्यायलाच हवं.

चिंताविकारावर उपचार दोन. एक बोलण्याचा. मनात येणारा विचार खरा किती, भीतीचा किती, हे तपासायला समुपदेशक शिकवतात. टाळलेल्या जागी हळूहळू जायला लावतात: आधी फाट्यापर्यंत, मग सोबतीनं बाजारात, मग एकटीनं. दुसरा उपचार गोळ्यांचा. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना आधी सांगा. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या मात्र आणू नका. त्यांची सवय लागते.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. तिथवर जाणं जमत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि ताई, गटाची हजेरीवही जरा बघा. नेहमी येणारी कुणी दोन-तीन बैठका आली नसेल, तर दंड लावायच्या आधी तिच्या घरी जाऊन या.