गोठ्यातील एलईडी पट्टी आणि भिंतीवरील बटण

पहाटे चारच्या सुमारास गोठ्यात पहिले पाऊल पडते ते बहुधा घरातील स्त्रीचे. एका हातात बादली, दुसऱ्या हातात कास धुण्यासाठी कोमट पाणी. अशा वेळी तिला दिवा लागतो तो दाराजवळच्या बटणावर, घरात राहिलेल्या मोबाईलवर नव्हे. पुष्कळ गोठ्यांत आता एका बल्बाऐवजी आढ्याखाली लांब एलईडी पट्टी लावलेली दिसते. बल्बाखाली जनावराची सावली नेमकी कासेवर पडते; पट्टीचा उजेड सर्वत्र पसरत असल्याने धार काढणे व कासेची पाहणी करणे सोयीचे होते. त्यातच मोबाईलवरून किंवा ठरावीक वेळी आपोआप चालू-बंद होणारी उपकरणेही बाजारात मिळतात. परंतु ही जोडणी करताना भिंतीवरील बटणाचा विचार सर्वांत शेवटी होतो, आणि फसगत होते ती तेथेच.

अशी एलईडी पट्टी बहुधा घरातील २३० व्होल्टांवर थेट चालत नाही. अडॅप्टर तो दाब १२ किंवा २४ व्होल्टांवर आणतो, त्यापुढे मोबाईलची आज्ञा घेणारा कंट्रोलर असतो व शेवटी पट्टी. बटण या साऱ्यांच्या आधी, फेजच्या तारेवर बसविलेले असते. रात्री घरातील कोणी सवयीने ते बंद केले की पट्टीबरोबर कंट्रोलरचाही पुरवठा तुटतो. मग मोबाईलवर कितीही बोटे फिरवली तरी दिवा लागत नाही, आणि पहाटे चारची लावलेली वेळही फुकट जाते. उपाय म्हणून काहीजण बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचे चालू ठेवतात. असे केल्यास मोबाईल नसलेल्या माणसाला दिवा लावताच येत नाही. हा उपाय मूळ दोषाहून वाईट होय.

योग्य रीत अशी की, बोर्डामागे एक लहान रिले-मॉड्यूल बसवावे. एमसीबीमधून येणारी फेज व न्यूट्रल मॉड्यूलला अखंड मिळावी. बटणाच्या दोन तारा फेजला न जोडता मॉड्यूलवरील बटणासाठी असलेल्या जागी जोडाव्यात. आणि मॉड्यूलमधून निघणारी फेज अडॅप्टरकडे न्यावी. आता बटण केवळ इशारा देते. ते दाबले की दिवा लागलेला असल्यास विझतो, विझलेला असल्यास लागतो. मोबाईलही तेच काम करतो. बटण वर आहे की खाली, यावरून दिव्याची स्थिती कळणार नाही, एवढे घरातील सर्वांना सांगून ठेवावे. इंटरनेट बंद असतानाही बटण चालते की नाही, याची खात्री खरेदीच्या वेळीच करावी. गेलेली वीज परत आल्यावर दिवा पूर्वीच्या स्थितीत यावा की बंद राहावा, हेही ठरवून ठेवता येते. पत्र्याच्या भिंती वाय-फायच्या लहरी अडवितात, हे ध्यानात घेऊन राउटरची जागा निवडावी. एवढे करूनही एक साधा बल्ब स्वतंत्र बटणावर राहू द्यावा. उपकरण बिघडले म्हणून धार थांबत नाही.

दुसरी चूक तारेच्या जाडीची. समजा, दहा मीटर गोठ्यासाठी पाच-पाच मीटरच्या दोन पट्ट्या घेतल्या व त्यांना मीटरला ९.६ वॅट वीज लागते. एकूण भार ९६ वॅट होतो. अडॅप्टर नेमका तेवढाच घेतल्यास तो तापून लवकर निकामी होतो. सव्वापट, म्हणजे १२० वॅटचा घ्यावा. आता हाच अडॅप्टर घरात ठेवून तेथून १० मीटर अंतरावर एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली, तर १२ व्होल्टांवर ८ अँपिअर प्रवाह वाहतो आणि जाण्यायेण्याच्या २० मीटर तारेतच जवळजवळ ३ व्होल्ट खर्ची पडतात. पट्टी मंद जळते आणि दोष मात्र दुकानदाराला दिला जातो. २४ व्होल्टांची पट्टी घेतल्यास प्रवाह निम्मा होतो व घट दीड व्होल्टाच्या आत राहते. त्याहूनही बरे म्हणजे अडॅप्टर पट्टीच्या जवळच बसवावा. २३० व्होल्टांच्या बाजूस एक अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो. दोन पट्ट्या एकापुढे एक न जोडता प्रत्येकीला अडॅप्टरपासून स्वतंत्र तार द्यावी. पंख्याच्या रेग्युलेटरने उजेड कमी करण्याचा खटाटोप कोणी करू नये. तसेच १२ व्होल्टांची पट्टी सौर बॅटरीला थेट जोडू नये. चार्ज होताना अशा बॅटरीचा दाब १४ व्होल्टांच्या वर जातो व पट्टी जळू शकते.

गोठ्यात धोका अधिक असतो. ओली जमीन, मूत्रातून निघणारा अमोनिया वायू आणि उंदीर हे तिन्ही तारेचे शत्रू. जनावराच्या शरीराचा विद्युतरोध माणसाहून कमी असल्याने माणसाला न जाणवणारी गळतीही त्याला जाणवते. जत्रेत मिळणारी, थेट २३० व्होल्टांवर चालणारी दोरीसारखी पट्टी गोठ्यात कदापि लावू नये. पट्टी आयपी ६५ किंवा आयपी ६७ दर्जाची असावी, ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवावी, व तारा नळीतून न्याव्यात. अडॅप्टर कडब्याच्या गंजीजवळ किंवा पाचटाच्या छपराला टेकवून ठेवू नये. अर्थिंग व ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यांवाचून हे काम पुरे झाले असे समजू नये. २३० व्होल्टांची बाजू परवानाधारक वायरमनकडूनच जोडून घ्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याबाबत भीड बाळगू नये.

जोडणी झाल्यावर तासभर दिवा लावून ठेवावा. नंतर अडॅप्टरच्या आवरणाला हात लावून पाहावा; हात ठेववत नसेल तर भार जास्त आहे किंवा हवा खेळत नाही. पट्टीच्या दोन टोकांच्या उजेडात फरक दिसल्यास दूरच्या टोकालाही तार द्यावी. शेवटी राउटर बंद करून बटण दाबून पाहावे, आणि ते दाबण्यास पहाटे धार काढणाऱ्या व्यक्तीलाच सांगावे.