रुजुवात

घोटीच्या बाजारपेठेलगत भाताच्या एका गिरणीमागे जी अंधारी खोली आहे, तिच्यात नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यातील चार सकाळी मी मतदारयादीची रुजुवात पाहत बसलो होतो. आणि पक्षांतराविषयी आजवर जे वर्तमानपत्रांतून वाचले, सभांतून ऐकले, त्या साऱ्याहून त्या चार सकाळींनी मला अधिक शिकविले. बाहेर गिरणीचा पट्टा घरघरत असे, उंबऱ्यापर्यंत कोंडा उडून येई, आणि आत सतरंजीवर मांडी घालून, नाकावर चष्मा सरकवून बसलेले साठीचे कार्यकर्ते, ज्यांना सारी आळी आबा म्हणते, ते एकेका नावाखाली पट्टी धरून ओळ सुटू न देता यादी वाचीत असत. कोणत्याही आमदाराच्या कारकिर्दीचा खरा ताळेबंद विधानभवनात लिहिला जात नसून अशा खोल्यांत लिहिला जातो, हे माझे मत तेथेच पक्के झाले.

आबांच्या मतदान केंद्राच्या २००९, २०१४ आणि २०१९ च्या याद्या तांबड्या बासनात बांधलेल्या होत्या. मयत इसमाच्या नावावर काळी आडवी रेघ. सातपूर-अंबडला किंवा मुंबईस बिऱ्हाड हलविलेल्यापुढे 'बा'. सासरी गेलेल्या लेकीपुढे 'सा'. समासात मात्र निराळी खूण असे: मत नक्की आपले असेल तर फुली, संशय असेल तर टिंब, आणि जे घर दुसऱ्या बाजूचे, त्याच्यापुढे काहीच नाही. जुन्या याद्या शेजारी ठेवून मी पाहिले, तो २००९ च्या फुल्या २०१४ मध्ये बहुतेक जशाच्या तशा उतरल्या होत्या. २०१९ मध्ये त्यांतील कित्येकांची टिंबे झाली होती. आणि नव्या यादीचा समास अजून कोराच होता, कारण पहिली फुली कोणत्या घरापुढे निःशंकपणे मारावी, हेच आबांना ठरविता येत नव्हते.

कारण उघड होते. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या या मतदारसंघातून निर्मला गावित २००९ आणि २०१४ अशा दोन वेळा काँग्रेसच्या पंजावर निवडून आल्या. नंदुरबारहून नऊ वेळा लोकसभेवर गेलेल्या माणिकराव गावितांची ही कन्या, तेव्हा पंजा तिच्या घराण्याची जणू कुलनिशाणीच होती. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये आमदारकीचा राजीनामा देऊन त्या शिवसेनेत गेल्या, आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत काँग्रेसच्या हिरामण खोसकरांनी त्यांचा तीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. त्या वेळी आबा ताईंबरोबर गेले नाहीत. ते पंजापाशीच राहिले. "निशाणी घरातली व्हती, ताईंच्या आधीची," एवढेच त्यांनी कारण सांगितले.

पाच वर्षांनी नेमके उलट घडले. धनगर समाजाला अनुसूचित जमातींत समाविष्ट करण्यास विरोध म्हणून आणि पेसा क्षेत्रातील रखडलेल्या नोकरभरतीसाठी ४ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या आदिवासी लोकप्रतिनिधींनी मंत्रालयात तिसऱ्या मजल्यावरून संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, त्यांत विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि शेजारच्या अकोल्याचे किरण लहामटे यांच्यासमवेत खोसकरही होते; आणि त्याच महिन्यात ते अजित पवारांच्या राष्ट्रवादीत दाखल झाले. या वेळी आबांनी पंजा सोडला आणि ते माणसाबरोबर गेले. निकालात खोसकर ऐंशी हजारांहून अधिक मताधिक्याने आले, पंजा फार मागे पडला, आणि निर्मलाताई अपक्ष म्हणून लढून पराभूत झाल्या.

पक्ष बदलणाऱ्यास मतदार शिक्षा करतो, असे म्हणणाऱ्यांना २०१९ चा दाखला पुरतो. मतदार निशाणी पाहत नाही, माणूस पाहतो, असे म्हणणाऱ्यांना २०२४ चा. एकाच मतदारसंघाने एका पिढीच्या आत दोन्ही पुरावे दिले असल्यामुळे मी कोणत्याही एका सिद्धांताच्या नादी लागत नाही. मला विचार करावासा वाटतो तो आबांच्या शब्दाचा. पक्षांतराला आळा घालण्यासाठी १९८५ साली राज्यघटनेत दहावी अनुसूची आली आणि २००३ च्या दुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची पळवाटही बुजविली. पण ती सारी तजवीज सभागृहात बसणाऱ्याची आहे. ज्याने दारोदार जाऊन स्वतःच्या शब्दावर मत मागितले, त्याला त्याच दारात दुसरी निशाणी घेऊन उभे राहावे लागते, तेव्हा जे खर्ची पडते त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय आघाड्यांचा गुंता निराळाच. नाशिकच्या लोकसभेला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीत जागा राष्ट्रवादीची, म्हणून आबा लोकसभेला घड्याळ आणि विधानसभेला पंजा सांगत आले; मे २०२४ मध्ये मात्र महाविकास आघाडीचे राजाभाऊ वाजे मशालीवर उभे, म्हणून त्यांनी मशाल सांगितली आणि वाजे निवडूनही आले. म्हणजे वैशाखात मशाल आणि कार्तिकात घड्याळ. आणि ज्या धनुष्यबाणाविरुद्ध उन्हाळ्यात घसा कोरडा केला, त्याच धनुष्यबाणवाल्यांच्या शेजारी आता चिठ्ठ्यांचे टेबल मांडायचे.

चौथ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर चिठ्ठ्या वाटावयास निघालो. ऐन कापणीचे दिवस असल्याने घरांना कड्या होत्या, आणि माणसे खाचरांत. बांधाबांधाने, चिखल चुकवीत आम्ही उतरलो. इंद्रायणी भाताचा वास सगळीकडे भरून राहिला होता. एक म्हातारी विळा खाली न ठेवताच उभी राहिली.

"औंदा कंचा रं, आबा?"

त्यांनी छापील कागदावरचे घड्याळ दाखविले. तिने तो कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला.

"उन्हाळ्यात मशाल घिऊन आला व्हतास. त्याच्या आधी हात."

"व्हय, मावशे."

"हात कुठं गेला मंग?"

"हात तिकडंच हाये. भाऊ इकडं आलं."

"आन तू?"

आबा काही बोलले नाहीत. वाऱ्याने लोंब्या हलल्या तेवढाच आवाज झाला. म्हातारीने चिठ्ठी चौपदरी घडी करून कनवटीला खोचली आणि मग, जणू एवढा वेळ तिला हेच सांगावयाचे होते अशा स्वरात, नातवाच्या जात पडताळणीचे प्रकरण वर्ष झाले तरी सुटत नाही, पोराचा कॉलेजातला प्रवेश त्यापायी लोंबकळला आहे, हे सांगितले; कागद कोणकोणते दिले, कोणी केव्हा यावयास सांगितले, सारे तारखांसकट.

आबा बांधावरच बसले. गुडघ्यावर यादी उघडून त्यांनी पट्टीने तिचे नाव गाठले आणि लेखणी समासावर नेली. ती तेथे थोडा वेळ थांबली. फुली त्यांनी मारली नाही, टिंबही दिले नाही. नावाच्या खालच्या अरुंद जागेत बारीक अक्षरांत त्यांनी लिहिले: 'नातू, पडताळणी', आणि नातवाचे पूर्ण नाव काय, ते तिला पुन्हा एकदा सावकाश सांगावयास लावले.