दहावीचं बीजगणित

ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली. राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात म्हणे अशी तरतूद आहे की, दहावीला गणितात आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण पडले तरी मूल पुढे जाईल. मात्र या विषयांची वाट पुढे बंद, असा शेरा गुणपत्रिकेवर येईल. पुष्कळांना हायसं वाटलं. मला मात्र ती बातमी झोंबली. पंधराव्या वर्षी मुलाला असा शेरा देऊन मोकळं व्हायचं, आणि त्याला बीजगणित का आलं नाही हे विचारायचंच नाही?

१९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत पुस्तकं बदलली, धडे इकडचे तिकडे झाले. त्यात फारसं सांगण्यासारखं नाही. मला बोलायचंय ते नव्वदच्या दशकाबद्दल. तेव्हा मी जळगाव जिल्ह्यात नववी-दहावीला बीजगणित शिकवत होतो. गणित १५० गुणांचं होतं, बीजगणित आणि भूमितीला ७५-७५. नववीत बहुपदींशी ओळख व्हायची आणि दुसऱ्या वर्षी, दहावीत, वर्गसमीकरणं यायची. खरी गंमत तिथे होती.

२क्ष² + ५क्ष − ३ = ० हे समीकरण घ्या. पूर्ण वर्गाच्या रीतीनं मुलं आधी २ नं भागत, मग पाच-चतुर्थांशाचा वर्ग करताना हमखास अडखळत. मी त्यांना श्रीधराचार्यांची रीत दाखवायचो. क्ष²च्या सहगुणकाच्या चौपटीनं, म्हणजे ८ नं, गुणायचं: १६क्ष² + ४०क्ष = २४. दोन्ही बाजूंत ५ चा वर्ग मिळवायचा. डावीकडे (४क्ष + ५)² तयार, उजवीकडे ४९. म्हणून ४क्ष + ५ एकतर ७, नाहीतर −७; क्ष म्हणजे अर्धा किंवा −३. शेवटच्या पायरीपर्यंत अपूर्णांकाचं नाव नाही. मागच्या बाकावरून ‘सर, अजून एक द्या’ असा आवाज यायचा. ही रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ ग्रंथात श्रीधराचार्यांच्या नावानिशी नोंदवून ठेवली. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवानं मठ काढला, त्याचा शिलालेख आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. हे सांगितलं की वर्ग ताठ बसायचा.

‘सूत्र पाठ करून घ्या, सिद्धता कशाला? निकाल लागला पाहिजे,’ असं मला त्या काळात वरून सांगण्यात आलं. ते मी आजही विसरलेलो नाही. निकाल लागलाही. पण सूत्र कुठून आलं हे न कळलेली मुलं अकरावीत पहिल्याच महिन्यात गळाली, त्याचा हिशेब कोणी मागितला नाही.

दशकाच्या उत्तरार्धात गाईडं आणि क्लास गावोगाव पोचले. पहिला बळी गेला शाब्दिक उदाहरणांचा. नाव प्रवाहाच्या दिशेनं इतकी, विरुद्ध दिशेनं तितकी. बापाचं वय, लेकाचं वय. समीकरण सोडवणं मुलाला येतं, पण चार ओळी वाचून ते मांडणं जमत नाही. ते जमायला तास जातो, फळ्यावर चुकावं लागतं, पुसून पुन्हा लिहावं लागतं. क्लासमध्ये ‘हा प्रकार आला तर ऑप्शनला टाका’ असं सांगत. मुलांनी टाकला. शेतकऱ्यांची पोरं घरी बियाणं-खतांचा हिशेब तोंडी करायची आणि कागदावर क्ष मानायला बिचकायची. मला याचं फार वाईट वाटे, अजून वाटतं.

त्यानंतरची वर्षं मी भराभर उलटतो. सामान्य गणिताचा पर्याय आला आणि गेला. आता ४०-४० गुणांच्या दोन-दोन तासांच्या प्रश्नपत्रिका, २० गुण शाळेच्या हातात. पुस्तकात अर्थनियोजन आलं, त्यात वस्तू व सेवा कर आला. ते चांगलंच झालं. पण बाकीच्या प्रकरणांना पुरेल एवढा वेळ वेळापत्रकात उरला नाही.

उत्तीर्णतेची रेघ कुठे ओढायची यावर बैठका होतात. नववीत बहुपदी कच्च्या राहिलेल्या मुलाला दहावीच्या जूनमध्ये महिनाभर कोणी वेगळं बसवतं का, यावर मात्र एकही बैठक झाल्याचं माझ्या कानावर नाही. आधी ती घ्या. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा, आणि आठवड्यातला एक तास फक्त शाब्दिक उदाहरणांना द्या.